नवख्याचा मजकूर काढताना: विकिपीडियावर गस्त घालू लागलेल्यांसाठी

मराठी विकिपीडियावर गस्त घालायला, म्हणजे इतरांनी केलेले नवे बदल तपासायला, लागले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एक लेख चार मिनिटांत उडवायला लावला. सातारा जिल्ह्यातल्या एका गावावरचा लेख होता, लिहिणारा सदस्य त्याच दिवशी दाखल झालेला, आणि मजकूर एका दिवाळी अंकातून जसाच्या तसा उतरवलेला. मी पानावर ‘पानकाढा’ साचा (पान काढा अशी विनंती करणारी तयार पाटी) लावला, सदस्याच्या चर्चापानावर (त्याला निरोप लिहायच्या पानावर) प्रताधिकारभंगाची, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची, तयार सूचना डकवली, एका प्रचालकाने (पानं काढायचा अधिकार असलेल्या संपादकाने) पान काढलं आणि मी चहा टाकायला उठले. नियमाच्या हिशेबाने सगळं बरोबर होतं.

दीडेक वर्षाने एका कार्यशाळेत एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. ‘मी पूर्वी एकदा लिहून बघितलं होतं,’ त्या म्हणाल्या, ‘पण मला कायद्याची नोटीस आली. यजमान म्हणाले, या वयात कोर्टकचेरी नको.’ ती नोटीस माझी होती. आणि दिवाळी अंकातला तो लेखही त्यांचाच होता, वीसेक वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेला.

तुम्ही नव्याने ‘अलीकडील बदल’ (ताज्या संपादनांची यादी) बघायला बसला असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मजकुराचे नियम ढिले करा असं मी कुठेही म्हणणार नाही. दुसऱ्याचा मजकूर काढावाच लागतो, आणि लवकर काढावा लागतो. पण मजकूर काढणं हे एक काम आणि तो लिहिणाऱ्या माणसाशी बोलणं हे दुसरं. मी ती दोन्ही एकाच साच्यात उरकली, तिथे माझं चुकलं.

आपल्याकडे याला जास्त महत्त्व आहे, कारण माणसं थोडी आहेत. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज लेख लाखाच्या घरात आहेत, पण रोज हात लावणारे संपादक मोजके आणि सक्रिय प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. इंग्रजी विकिपीडियासारख्या अवाढव्य प्रकल्पालाही हे भोवलं. तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर पोचली आणि मग घसरत गेली. आरॉन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांची संपादनं झटपट, अर्धस्वयंचलित साधनांनी उलटवली जाणं हे या घसरणीमागचं एक मोठं कारण होतं. तिथे दहा गेले तर अकरावा येतो. आपल्याकडे एका तालुक्यातल्या गावांबद्दल लिहू शकणारी एकच व्यक्ती असते, आणि ती गेली की गेली.

पहिलं काम: बटणाला हात लावण्याआधी ‘इतिहास’ उघडा

पानाचा इतिहास आणि सदस्याचं योगदान, या दोन गोष्टी बघायला दोन मिनिटं लागतात. खातं कधी उघडलं? हे त्याचं कितवं संपादन? आत्ता, या क्षणी तो लिहितोय का? मोबाइलवरून लिहिणारी माणसं दर चार ओळींनी जतन करतात, कारण रेंज जाईल याची धास्ती असते. तुम्हाला दिसणारा ‘एका ओळीचा निकामी लेख’ अर्ध्या तासाने तीन परिच्छेदांचा झालेला असतो. लेख नुसताच तोकडा किंवा वेडावाकडा असेल तर तासभर हात आवरा.

थांबायचं नाही अशा गोष्टी तीनच: शिवीगाळ, हयात माणसावर पुराव्याशिवाय केलेले आरोप, आणि कुणाचा खाजगी फोन नंबर किंवा पत्ता. ही तात्काळ काढायची.

एक खास मराठी सापळा सांगते. कधी कधी नव्या सदस्याच्या संपादनात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा काला दिसतो. घाईतला गस्तकरी ‘उत्पात’ (मुद्दाम केलेली नासधूस) म्हणून ते उलटवतो. तो उत्पात नसतो. माणसाने आपल्या संगणकावरची श्री-लिपी किंवा कृतिदेवमधली फाइल उघडून मजकूर चिकटवलेला असतो. जुने फाँट युनिकोडमध्ये नसल्यामुळे त्याला स्वतःच्या पडद्यावर जे मराठी दिसत होतं ते इथे येऊन फुटतं. असा माणूस बहुधा छपाईच्या किंवा लेखनाच्या धंद्यातला असतो, त्याच्या फाइलींत भरपूर माहिती असते, आणि त्याला फक्त युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन हवं असतं. ते त्याला सांगितलंत तर एक चांगला संपादक मिळतो.

दुसरं काम: नेमका कोणता नियम मोडलाय ते ठरवा

नवख्यांच्या चुका चार-पाच तऱ्हांच्याच असतात, पण प्रत्येकीमागचं कारण वेगळं असतं आणि उपायही.

सगळ्यात जास्त दिसते ती नक्कल. ओळखायची कशी? भाषा मध्येच बदलते. पहिला परिच्छेद ‘आमचे गाव खूप छान आहे’ असा आणि दुसरा एकदम गॅझेटियरच्या थाटाचा. ‘वरील छायाचित्रात’ असं लिहिलेलं असतं आणि छायाचित्र नसतं. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ हे शब्द राहून गेलेले असतात, किंवा वाक्याच्या शेवटी तळटिपांचे सुटे आकडे. अशा परिच्छेदातलं जरा वेगळं वाटणारं आठ-दहा शब्दांचं वाक्य निवडा आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा.

सापडलं म्हणून लगेच उडी मारू नका. मराठीत उलटा प्रवासही बराच होतो: विकिपीडियावरचा मजकूर संकेतस्थळं आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या नाव न घेता उचलतात. तेव्हा तारखा ताडून बघा. लेखाच्या इतिहासात तो परिच्छेद २०१४ साली आलेला असेल आणि संकेतस्थळावरचं पान २०१९ चं असेल, तर चोर कोण हे उघड आहे. जुनी पानं बघायला इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन उपयोगी पडतं.

हक्काचा मुद्दा नवख्याला समजावताना वर्षं सांगावीत, ती पटकन कळतात. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, मृत्यूचं वर्ष संपल्यापासून पुढची ६० वर्षं हक्क टिकतो. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्यांचे हक्क आहेत. कवीवरच्या लेखात त्याची अख्खी कविता चिकटवणारे नवखे नेहमी येतात. त्यांना वाटतं, ही तर कवितेची सेवा झाली. शाळेच्या वहीत सुविचार आणि कविता उतरवून घेण्यात कुणी कधी गैर मानलं नाही, त्यामुळे नक्कल म्हणजे चोरी हे त्यांच्या डोक्यात येतच नाही. दोन ओळी उद्धृत करता येतात, पूर्ण कविता नाही. आणि हक्क संपलेली पूर्ण कविता असेल तरी तिची जागा विकिस्रोतावर, म्हणजे मूळ साहित्य जसंच्या तसं ठेवणाऱ्या सहप्रकल्पावर, आहे.

दुसरी बाजूही त्याच दमात सांगा: हक्क शब्दांवर असतो, माहितीवर नसतो. गाव कोणत्या नदीकाठी आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, शाळा कधी निघाली, हे कुणाच्या मालकीचं नाही. आपल्या शब्दांत लिहायचं आणि कुठून घेतलं त्याचा संदर्भ द्यायचा. हे कळल्यावर निम्मी माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात.

मजकूर त्यांचाच असेल तर? माझ्या शिक्षिकाबाईंसारखी माणसं मराठीत पुष्कळ आहेत. ब्लॉग स्वतःचा, गावाची स्मरणिका स्वतः लिहिलेली, संस्थेची वेबसाइट स्वतः चालवलेली. ‘माझं मलाच का वापरता येत नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच, की सदस्यनामामागे खरंच तोच लेखक आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही. त्याला दोन वाटा आहेत. मजकूर त्याच्याच वेबसाइटवर असेल तर तिथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०’ परवाना स्पष्ट लिहायचा. विकिपीडियाचा मजकूर याच परवान्याखाली असतो. नाहीतर विकिमीडियाच्या (विकिपीडिया आणि तिचे सहप्रकल्प यांच्या परिवाराच्या) परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेल पाठवायचा. पण याचा अर्थ काय तेही आधीच सांगून टाका: परवाना दिला की कुणीही तो मजकूर बदलू शकतो, विकूसुद्धा शकतो. हे ऐकल्यावर काही लेखक माघार घेतात. त्यांना तो हक्क आहे.

इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखाचं भाषांतर ही नक्कल नव्हे. तिथून घेतलं एवढं बदलाच्या आढाव्यात (जतन करताना काय केलं ते लिहायच्या ओळीत) मूळ लेखाच्या नावासकट लिहिलं की झालं. नवखा ते विसरतो. त्याला ओरडण्यापेक्षा एक छोटं संपादन करून आढाव्यात ती नोंद तुम्हीच टाका आणि त्याला कळवा. यंत्राने केलेलं भाषांतर न वाचता जतन केलं असेल तर तो मात्र वेगळा आजार. अशा लेखातलं एखादं वाक्य दाखवून ‘हे मोठ्याने वाचून बघा’ एवढंच म्हणावं. पुरतं.

आता जाहिरात. ‘कार्यसम्राट’, ‘तरुणांचे आशास्थान’, ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’. असा लेख दिसला की हात शिवशिवतात, माझेही शिवशिवतात. पण लिहिणाऱ्याने माणसाबद्दल लिहिलेलं मराठी आजवर कुठे वाचलंय? चौकातल्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या पुरवणीत आणि सत्काराच्या मानपत्रात. त्याला तोच एक घाट माहीत आहे. ‘आदरणीय’, ‘साहेब’, ‘प. पू.’ ही विशेषणं तर बहुतेक वेळा निव्वळ संस्कारातून येतात. मोठ्यांचं नाव नुसतं घ्यायला जीभ अडखळते. अशांना मी सांगते, की मराठीत ‘ते म्हणाले’ मध्येच आदर आला, वेगळा लावायला लागत नाही. हे कारण पटतं, कारण ते भाषेच्या आतलं आहे.

मग उरतो खरा प्रश्न, उल्लेखनीयतेचा. त्या व्यक्तीबद्दल तिच्याशी संबंध नसलेल्या कुणी सविस्तर लिहिलंय का? असेल तर लेख वाचवता येतो, विशेषणं गाळून. नसेल तर लेख जाणार, आणि ते गोलगोल न बोलता सांगावं. पैसे घेऊन लिहिलंय असा वास आला तर एकदा सरळ विचारा: ‘हे तुम्ही कामाचा भाग म्हणून किंवा मोबदला घेऊन लिहिताय का? तसं असेल तर ते जाहीर करावं लागतं.’ विकिमीडियाच्या वापर-अटींत २०१४ पासून तशी अट आहे. विचारण्यात आरोप नको. पुतण्याने काकांवर हौसेने लिहिलेला लेख आणि एजन्सीने लिहिलेला लेख वरवर अगदी सारखे दिसतात.

चित्रांबाबत थोडक्यात. नवखा गूगलवरून नटीचा फोटो उतरवतो आणि कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामाईक भांडारात) चढवताना ‘स्वतःचे काम’ वर टिचकी मारतो, कारण चढवण्याचं काम त्याने स्वतःच केलेलं असतं! फोटो लहान आकाराचा आणि कॅमेऱ्याची माहिती गायब, ही खूण. पुढे कॉमन्सवर त्याला इंग्रजीत सूचना मिळते, ती तो वाचत नाही, मग दुसरी, मग तिसरी. तुम्ही मराठीत चार ओळी लिहिल्यात तर हे दुष्टचक्र तुटतं. आणि त्याला पर्याय द्या: ‘तुमच्या गावच्या देवळाचा, किल्ल्याचा, नदीच्या घाटाचा फोटो तुम्ही स्वतः काढून चढवा.’

गावांच्या लेखांत सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांची नावं मोबाइल नंबरासकट येतात. हेतू सोयीचा असतो, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असतात तसे. नुसतं पुसून भागत नाही, कारण जुन्या आवृत्तीत नंबर तसाच दिसत राहतो. प्रचालकाला सांगून ती आवृत्ती लपवून घ्या. नक्कल केलेल्या मजकुराचंही तेच.

तिसरं काम: काढायचं तेवढंच काढा

बटणं दोन आहेत आणि ती सारखी नाहीत. ‘द्रुतमाघार’ एका फटक्यात त्या सदस्याची पानावरची लागोपाठची सगळी संपादनं मागे घेतं, कारण द्यायला जागाही न ठेवता. ते शिवीगाळीसाठी आणि उघड उत्पातासाठी. बाकी सगळ्याला ‘उलटवा’, किंवा त्याहून बरं म्हणजे संपादन उघडून तेवढा भाग हाताने काढणं. नवख्याच्या पाच परिच्छेदांतले तीन उतरवलेले आणि दोन त्याचे स्वतःचे असतील तर ते दोन राहू द्या, शुद्धलेखन कच्चं असलं तरी. पान उघडल्यावर आपले दोन परिच्छेद शिल्लक दिसणं याचा परिणाम कुठल्याही स्वागतसंदेशापेक्षा मोठा असतो.

बदलाचा आढावा लिहिताना जिभेवर ताबा ठेवा. एकदा जतन केल्यावर तो तुम्हाला बदलता येत नाही. ‘कचरा काढला’ असं मी २०१७ साली लिहिलेलं आजही एका पानाच्या इतिहासात आहे, माझ्या नावासकट. ‘मजकूर अमुक संकेतस्थळाशी शब्दशः जुळतो, म्हणून काढला, चर्चापान पाहावे’ एवढं लिहायला किती वेळ लागतो?

अर्धाकच्चा लेख सदस्याच्या धूळपाटीवर (त्याच्या सरावाच्या पानावर) हलवणं हा उत्तम मार्ग आहे. धूळपाटी हा शब्दच किती नेमका आहे! पूर्वी पोरं पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायची आणि चुकलं की हाताने सारखी करायची. पण ध्यानात ठेवा, नक्कल केलेला मजकूर धूळपाटीवरही ठेवता येत नाही, तीही जगाला दिसते. तिथे फक्त मथळे आणि संदर्भांची यादी हलवा, म्हणजे त्याला सांगाडा तयार मिळेल.

चौथं काम: स्वतःच्या शब्दांत लिहा

मी शिक्षिकाबाईंना डकवलेली सूचना साधारण अशी होती:

‘आपणास सूचित करण्यात येते की, आपण केलेले लेखन प्रताधिकार कायद्याचे उल्लंघन करणारे आहे. पुनरावृत्ती झाल्यास आपणास संपादन करण्यापासून प्रतिबंधित करण्यात येईल.’

ही भाषा मराठी माणसाने कुठे वाचलेली असते? वीज मंडळाचं बिल थकल्यावर, तहसील कचेरीतून, बँकेकडून. ‘करण्यात येईल’ म्हटलं की करणारा कोण ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याची भीती जास्त वाटते. आज मी लिहिते ते असं:

‘नमस्कार. गावावरच्या लेखात तुम्ही घातलेले तीन परिच्छेद मी काढले आहेत. ते एका दिवाळी अंकातल्या लेखाशी शब्दशः जुळतात, आणि छापून आलेला मजकूर लेखकाच्या परवानगीशिवाय इथे ठेवता येत नाही. यात्रेची आणि जुन्या पुलाची माहिती मात्र हवीच आहे, ती दुसरीकडे कुठे मिळत नाही. ती तुमच्या शब्दांत लिहा आणि खाली अंकाचं नाव, वर्ष आणि पान द्या. तो लेख तुमचाच असेल तर तसं सांगा, त्याला वेगळी वाट आहे. उत्तर इथेच खाली लिहिलंत तरी मला दिसेल.’

यात ‘मी काढले’ आहे. कोणते परिच्छेद आणि कशाशी जुळतात ते आहे. लेखातली एक खरी, नेमकी चांगली गोष्ट आहे. ‘आपला प्रयत्न स्तुत्य आहे’ असली सरसकट पाठ थोपटणी नाही, ती लोकांना लगेच कळते. पुढे काय करायचं ते आहे, आणि उत्तर कुठे द्यायचं तेही, कारण चर्चापानावर कसं बोलतात हे नवख्याला माहीत नसतं. धमकी नाही. पहिल्या निरोपात अडवण्याचा उल्लेखच करू नका.

‘तुम्ही’ की ‘आपण’ यावर आमच्यात वाद आहेत. मी ‘तुम्ही’ वापरते. समोरचा वयाने केवढा आहे ते माहीत नसतं, म्हणून अरेतुरे कधीच नाही, शाळकरी वाटला तरी नाही. ‘आपण’ कागदावर फार लांबचं वाटतं. आणि स्वागताचा साचा आधीच लागलेला नसेल तर तो लावा, पण इशाऱ्याच्या खाली नको, वर.

आणखी एक बारकावा. नवख्याला ‘चावडीवर या’ असं लिहू नका. आपल्याला चावडी म्हणजे सगळ्यांनी गप्पा मारायचं पान. गावाकडच्या माणसाला चावडीवर बोलावणं म्हणजे पाटलासमोर उभं करणं. एकाने मला खरंच विचारलं होतं, ‘तिथे किती जण असतात?’ बोलणं त्याच्याच पानावर करा. इतरांचं मत हवं असेल तर ते तुम्ही चावडीवर मागा.

पाचवं काम: गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा नव्हे

निरोप लिहिला आणि दहा मिनिटांत त्याने पुन्हा तोच मजकूर घातला. ‘मुद्दाम करतोय’ हा पहिला विचार. बहुतेक वेळा तसं नसतं. मोबाइलवर वरची छोटी घंटा कित्येकांच्या लक्षातच येत नाही. त्याच्या बाजूने दिसतं ते एवढंच: लिहिलेलं गायब झालं, नेट गेलं असावं, पुन्हा घालू या.

म्हणून दुसऱ्यांदा काढताना आढाव्यात ‘तुमच्या चर्चापानावर निरोप आहे’ असं लिहा, आणि निरोपही दोन ओळींचा, ठळक मथळ्याचा करा. तिसऱ्यांदा झालं तर तुम्ही थांबा आणि दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. त्याच माणसाने तिसऱ्यांदा उलटवलं की भांडण व्यक्तींचं होतं. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायला बंदी आहे. आपण नवख्याच्या बाबतीत ती मर्यादा दोनवरच आणावी असं माझं मत.

सहावं काम: अडवायची वेळ आलीच तर

येते. तीन निरोप, दोन वेगवेगळ्या माणसांचे, आणि तरी नक्कल चालूच, तर प्रचालकाला सांगावंच लागतं. मऊपणाने वागण्याच्या नादात चाळीस लेखांत नक्कल साचू देणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. ती निस्तरायला महिने जातात. पण अडवणं हा अटकाव आहे, शिक्षा नाही. एकाच पानावर गोंधळ असेल तर तेवढ्या पानापुरतं अडवता येतं, ही सोय आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधी ती वापरावी. पूर्ण अडवलं तर मुदत एक-दोन दिवसांची, आणि स्वतःच्या चर्चापानावर लिहिण्याची मुभा चालू ठेवलेली. ती बंद केली की खुलासा करण्याची एकमेव जागा जाते. कित्येकांना आपलं चर्चापान आहे हे अडवल्यावरच पहिल्यांदा कळतं, आणि मग ते बोलतात.

कार्यशाळांचे दिवस

जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या काळात महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा भरतात. गस्तीवर असाल तर या दिवसांची तयारी वेगळी ठेवा. एका तासात तीस नवी खाती, सगळ्यांचं जोडणीस्थान (आयपी पत्ता) एक, सगळ्यांचे लेख एकाच विषयावर. एकाच माणसाने काढलेली बनावट खाती अशीच दिसतात. शंका आली तर आधी चावडीवर कार्यशाळेची सूचना आहे का ते बघा.

इथे एकाला अडवणं फार महागात पडतं. खातं अडवताना ‘स्वयंचलित अडवणूक’ चालू राहिली तर त्याच जोडणीवरून लिहिणाऱ्या इतरांनाही २४ तास फटका बसतो. संगणककक्षातली सगळी मुलं पडद्याकडे बघत बसतात, आणि प्राध्यापक पुन्हा कधी नाव काढत नाहीत. आयोजकांनाही सांगून ठेवा, की एका जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात; मुलांनी खाती आदल्या दिवशी घरून उघडून यावीत किंवा मर्यादा वाढवून देण्याची विनंती आधीच करावी.

या बाबतीतला मोठा धडा आपल्या शेजारचाच आहे. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक शिक्षण प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे होते. लेख आले, पण त्यांत पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर इतका निघाला की जगभरचे स्वयंसेवक साफसफाईला बसले, आणि प्रयोग त्याच सत्रात आवरता घ्यावा लागला. तिथल्या चर्चांत विद्यार्थ्यांवर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. माझ्या मते चूक त्यांच्याकडे सगळ्यात कमी होती. मुदतीत, गुणांसाठी, परक्या भाषेत लिहायचं, आणि चुकलं तर शेजारी बसून दाखवणारं कुणी नाही. शेकडो नवख्यांमागे जाणती माणसं पुरेशी नव्हती. म्हणून आज कुणी कार्यशाळेला बोलावलं तर मी आधी विचारते, नंतरचे पंधरा दिवस या मुलांची पानं कोण बघणार? उत्तर नसेल तर मुलं वीसवर आणा म्हणते. आणि पहिल्या दिवशी नवा लेख नाहीच. असलेल्या लेखात एक संदर्भ जोडायचा, एक वाक्य आपल्या शब्दांत लिहायचं, एक शुद्धलेखन सुधारायचं.

शेवटचं काम: आठ दिवसांनी पुन्हा जा

हे जवळजवळ कुणीच करत नाही. ज्याचा मजकूर काढलात त्याचं योगदान आठवड्याने उघडा. काहीच हालचाल नसेल तर एक ओळ टाका, ‘पुलाबद्दलची माहिती अजून हवी आहे.’ काही केलं असेल तर त्यातलं बरं काय ते सांगा. मी त्यासाठी वहीच ठेवली आहे, साधी, दोनशे पानी. सदस्यनाव, तारीख, काय काढलं.

त्या कार्यशाळेत शिक्षिकाबाईंना मी सांगितलं, की नोटीस माझी होती. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं मग फोन करायचास ना!’ त्या दुपारी त्यांनी गावाचा लेख नव्याने लिहिला, यात्रेसकट, पुलासकट, खाली स्वतःच्याच दिवाळी अंकाचा संदर्भ देऊन. आठ दिवसांनी वहीप्रमाणे त्यांचं पान बघायला गेले, तर त्याआधीच माझ्या चर्चापानावर त्यांचा निरोप होता. साताऱ्यावरच्या लेखात मी नदीचं नाव ‘वेणा’ लिहिलं होतं. ‘ते वेण्णा आहे,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘मी दुरुस्त केलंय. राग नसावा.’